महागड्या गाडीची ओळख कशात असते: बिल्ल्यात, जाळीत की बांध्यात?

घाटवाट यांचा प्रश्न:

गाड्यांचे वेड असलेल्या माणसाला एक खेळ कोणी न शिकवता येतो. रात्री द्रुतगती मार्गावर आरशात मागची गाडी दिसली की केवळ दिव्यांवरून तिचे घराणे ओळखायचे. वीस वर्षांपूर्वी हा खेळ सोपा होता. दिव्यांभोवती उजळलेली चार वर्तुळे दिसली की बीएमडब्ल्यू, शेजारी शेजारी बसवलेले लंबगोल दिसले की १९९५ नंतरची मर्सिडीज ई-क्लास. आता बहुतेक सगळ्यांच्याच कपाळावर एलईडीची भुवईसारखी बारीक रेघ असते आणि गाडी शेजारून पुढे निघून जाईपर्यंत ती पन्नास लाखांची आहे की पंधरा लाखांची, याचा उलगडा होत नाही.

माझे निरीक्षण असे की ही ओळख जसजशी पुसट होत गेली, तसतशी कंपन्यांनी बिल्ला आणि पुढची जाळी मोठी करायला सुरुवात केली. बीएमडब्ल्यूची ‘किडनी ग्रिल’ म्हणून प्रसिद्ध असलेली जोडजाळी १९३३ च्या ३०३ या गाडीवर प्रथम आली. तेव्हा तिच्यामागे उभा रेडिएटर असे, त्यामुळे तिच्या उंचीला कारण होते. पुढे बॉनेट खाली येत गेले आणि जाळीही आटत गेली; १९७५ च्या पहिल्या ३ सीरीजवर ती तळहाताएवढी उरली होती, तरीही ती गाडी बीएमडब्ल्यूच आहे याबद्दल कोणाला शंका आली नाही. मग २०१९ मध्ये ७ सीरीजला नवा चेहरा देताना ही जाळी सुमारे ४० टक्क्यांनी वाढवण्यात आली आणि २०२० च्या ४ सीरीजवर ती थेट बंपरच्या तळाशी जाऊन टेकली. त्यासाठी कंपनीने १९३६ च्या ३२८ या गाडीचा वारसा पुढे केला. वारसा खरा आहे, परंतु ३२८ चे बॉनेट अरुंद होते आणि चाकांवरचे मडगार्ड त्यापासून सुटे होते. त्या अंगकाठीला उभी जाळी शोभत होती. पैठणीचा काठ रुंद असला तर तिची शान वाढते हे मान्य, पण काठच इतका पसरला की अंगावरच्या बुट्ट्यांना जागा उरू नये, तर विणकराने नक्की काय विणले असे म्हणायचे? त्यातही गंमत अशी की विद्युत गाड्यांमध्ये या जाळीतून हवा आत जाण्याचे फारसे कामच उरलेले नाही. बीएमडब्ल्यू आयएक्सची जाळी बंद आहे आणि तिच्यामागे संवेदक बसवलेले आहेत.

हे सगळे आठवण्याचे कारण जग्वार. नोव्हेंबर २०२४ मध्ये या कंपनीने लहान-मोठी अक्षरे मिसळलेले नवे नाममुद्रण आणले, जाहिरातीत भडक कपड्यांतली माणसे दाखवली आणि गाडी मात्र दाखवलीच नाही. पुढच्याच महिन्यात मायामीमध्ये ‘टाइप ००’ ही लांबच लांब बॉनेटची, मागची काच नसलेली संकल्पना-गाडी गुलाबी आणि निळ्या रंगांत मांडली. २००८ पासून ही कंपनी टाटांकडे आहे आणि तिच्या एक्सएफची जुळणी पुण्यात होत असे, त्यामुळे आपल्याकडे या विषयात थोडा घरचा जिव्हाळा आहे. माझा प्रश्न असा: जुन्याशी नाते जाणीवपूर्वक तोडून कोणत्याही श्रीमंती गाडीचे नाव टिकते का? आणि टिकत असेल तर ते कशाच्या आधारावर?

जुनी_चावी यांचा प्रतिसाद:

आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर ब्रूनो साक्को यांच्या कामात सापडते. हे इटलीतल्या उदिने गावचे गृहस्थ १९५८ मध्ये मर्सिडीजमध्ये आले आणि १९७५ ते १९९९ या काळात तिथल्या रचना विभागाचे प्रमुख होते. त्यांनी दोन नियम पाळले. पहिल्याला मी मराठीत ‘उभी नाळ’ म्हणतो: नवी पिढी अशी असावी की तिच्या येण्याने आधीची पिढी एका रात्रीत जुनाट दिसू नये. दुसरे ‘आडवे साम्य’: एकाच काळात बाजारात असलेली लहान, मधली आणि मोठी गाडी एकाच घरातली आहे हे पाहणाऱ्याला कळावे. यात सौंदर्यदृष्टी जितकी होती तितकाच हिशेबही होता, कारण वीस वर्षे चालणारी गाडी पाचव्या वर्षी जुनी दिसू लागली, तर मूळ मालकाचे पैसे आणि कंपनीची पत दोन्ही बुडतात.

याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे १९८४ ची डब्ल्यू १२४, म्हणजे लंबगोल दिव्यांच्या ई-क्लासच्या आधीची पिढी. तिच्यातली जवळजवळ प्रत्येक ओळखीची खूण कामातून आलेली आहे. मागे ती निमुळती होत जाते ते हवेचा अडथळा कमी करण्यासाठी. डिकीचे झाकण थेट बंपरपर्यंत उघडते ते जड सामान फार उचलावे लागू नये म्हणून. समोरच्या काचेवर एकच वायपर आहे, पण तो फिरताना आत-बाहेर सरकतो आणि काचेचा ८६ टक्के भाग पुसून काढतो. मागच्या दिव्यांच्या काचेवर खोल पन्हळी आहेत. ही युक्ती मर्सिडीजने १९७१ च्या एसएलपासूनच वापरली होती, कारण चिखल उडाला तरी पन्हळींच्या खोलगट भागात तो बसत नाही आणि दिवा दिसत राहतो. आषाढात वरंधा घाटातून गाडी काढलेल्या माणसाला या पन्हळींचे मोल वेगळे सांगायला नको. त्या गाडीचा तारा खरवडून काढला तरी ती मर्सिडीजच राहते, आणि माझ्या मते ओळखीची कसोटी हीच आहे.

पुण्यात १९९५ मध्ये टाटांच्या टेल्को कंपनीच्या आवारात मर्सिडीजची पहिली भारतीय गाडी बनली ती हीच. नेमक्या त्याच वर्षी जर्मनीत आपण म्हणता ती लंबगोल दिव्यांची ई-क्लास आली, त्यामुळे ‘तिकडची उतरलेली गाडी इकडे खपवली’ असा सूर आपल्याकडे बराच उमटला होता. तक्रार चुकीची नव्हती. पण आज त्या दोन्ही गाड्या शेजारी उभ्या करून पाहाव्यात. मला तरी जुनीच कमी वयाची वाटते.

आता बांध्याविषयी. पुढच्या चाकाचा मध्य आणि समोरच्या काचेचा पायथा यांच्यातले अंतर हा श्रीमंती गाडीचा खरा कुलाचार आहे. इंजिन उभे, म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेने, बसवून मागची चाके फिरवणाऱ्या गाडीत हे अंतर आपसूक लांबते, आणि इंजिन आडवे बसवणाऱ्या स्वस्त गाडीत ते आखडते. शंभर वर्षांच्या सवयीने आपला डोळा हे अंतर मोजतो आणि मोजले आहे हे आपल्याला कळतही नाही. मर्सिडीजने २०२१ च्या ईक्यूएसमध्ये हा संकेत मोडला. हवेच्या अडथळ्याचा गुणांक ०.२० पर्यंत खाली आणण्यासाठी संपूर्ण गाडी एका धनुष्यासारखी वाकवली, बॉनेट आखूड केले आणि प्रवाशांची बैठक पुढे सरकवली. अभियांत्रिकी म्हणून हे काम थोर आहे आणि चाकणला तिची जुळणी सुरू झाली याचा मला आनंदही आहे. तरीही दुरून पाहिली तर ती साबणाच्या वापरलेल्या वडीसारखी दिसते. २०२४ मध्ये कंपनीने तिच्या बॉनेटवर उभा तारा आणून बसवला. बांध्याने जे सांगायचे ते तो सांगेनासा झाला की बिल्ल्याला ओरडावे लागते, असे मी त्यावरून समजलो.

मागची_सीट यांचा प्रतिसाद:

चर्चा उत्तम चालली आहे, परंतु आपण सगळे गाडीकडे फुटपाथवरून पाहत आहोत. आपल्याकडे अशा गाड्यांचे बरेचसे मालक मागे डावीकडे बसतात. त्यांना ना जाळी दिसते ना बॉनेट. त्यांना दिसते ती पुढच्या सीटची पाठ आणि जाणवते ती गुडघ्यांपुढची जागा. मर्सिडीजने २०१७ मध्ये लांब व्हीलबेसची, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतर वाढवलेली, ई-क्लास उजव्या बाजूच्या स्टिअरिंगसह भारतासाठी आणली ती याच कारणाने. मागचे दार लांबले की गाडीची बाजूची रेषा बिघडते असे जाणकार म्हणतात. पण ज्यांनी पैसे मोजले, त्यांनी ती रेषा पाहिलेलीच नसते.

दस्तऐवज यांचा प्रतिसाद:

जुनी_चावी यांची कसोटी मला आवडली. मात्र ‘बिल्ला खरवडला तरी’ हे म्हणणे बाजारात कितपत टिकते, याचा प्रत्यक्ष प्रयोग होऊन गेलेला आहे आणि त्याचा निकाल त्यांच्या बाजूने लागलेला नाही.

फोक्सवॅगनचे तेव्हाचे सर्वेसर्वा फर्डिनांड पिएख यांनी २००२ मध्ये फेटन नावाची गाडी आणली. बाहेर ५० अंश तापमान असताना ती दिवसभर ताशी ३०० किलोमीटर वेगाने धावली पाहिजे आणि आतले तापमान २२ अंशांवर स्थिर राहिले पाहिजे, अशी त्यांची अट होती. तिच्यासाठी ड्रेस्डेन शहरात काचेच्या भिंतींचा कारखाना उभारला. गाडी खरोखरच असामान्य होती, पण जाळीवर फोक्सवॅगनचा बिल्ला होता, आणि शेजाऱ्याच्या साध्या पोलोवर असतो तोच बिल्ला स्वतःच्या गाडीवर मिरवायला पुरेसे श्रीमंत लोक तयार झाले नाहीत. २०१६ मध्ये तिचे उत्पादन थांबले. याउलट, त्याच सांगाड्यावर आधारलेली बेंटली कॉंटिनेंटल जीटी २००३ मध्ये आली आणि तिने बेंटलीचे नशीब पालटले. तिच्या चार दारांच्या भावंडाच्या, फ्लाइंग स्परच्या, काही गाड्या तर काही काळ ड्रेस्डेनच्या त्याच कारखान्यात जुळवल्या जात होत्या. एकाच छताखाली जवळपास सारखाच सांगाडा, आणि बाहेर पडताना किमतीत जमीन-अस्मानाचा फरक.

अर्थात बेंटलीचा पत्रा वेगळा होता, मागच्या चाकावरचा तिचा फुगीर खांदा फेटनला नव्हता, हे कबूल करायला हवे. म्हणजे बांधा निरुपयोगी नाही. पण नुसत्या बांध्याला कोणी कर्ज देत नाही.

नाव आणि रूप या दोन वेगळ्या मालमत्ता असतात, हे तर रोल्स-रॉइसच्या विक्रीत कागदोपत्री सिद्ध झाले. १९९८ मध्ये फोक्सवॅगनने विकर्स कंपनीकडून इंग्लंडमधल्या क्रू गावचा रोल्स-रॉइसचा कारखाना सुमारे ४३ कोटी पौंडांना घेतला. त्यासोबत बेंटली आली, बॉनेटवरची पंख पसरलेली मूर्ती आली आणि देवळाच्या दर्शनी भागासारख्या जाळीच्या आकाराचे हक्कही आले. फक्त ‘रोल्स-रॉइस’ हे नाव आणि जोड-आर हे चिन्ह आले नाही, कारण ते विमानाची इंजिने बनवणाऱ्या रोल्स-रॉइस पीएलसीकडे होते, आणि त्या कंपनीने ते बीएमडब्ल्यूला ४ कोटी पौंडांना दिले. एकाकडे देऊळ आणि मूर्ती, दुसऱ्याकडे देवाचे नाव! शेवटी तडजोड होऊन १ जानेवारी २००३ पासून मोटारींचे रोल्स-रॉइस बीएमडब्ल्यूकडे गेले आणि फोक्सवॅगनकडे बेंटली राहिली. मूर्तीसह जाळी हातात असूनही नावावाचून त्यांचा उपयोग करता आला नाही, ही गोष्ट घाटवाट यांच्या प्रश्नाच्या संदर्भात महत्त्वाची वाटते.

एक सौंदर्याची गोष्ट मात्र सांगितल्यावाचून राहवत नाही. त्या जाळीच्या कडा सरळ दिसाव्यात म्हणून त्यांना अगदी किंचित बाक दिलेला असतो; ग्रीक देवळांच्या खांबांना देतात तसा. २००३ च्या फँटममध्ये चाकाची उंची गाडीच्या उंचीच्या निम्म्याच्या आसपास ठेवली गेली, हे जुन्या रोल्सचेच गणित होते. कारखाना नवा, मालक जर्मन, एकही सुटा भाग जुना नाही, आणि तरी पहिल्या नजरेत खात्री पटते.

उलटी_बाजू यांचा प्रतिसाद:

प्रथम एक दुरुस्ती, जी मूळ प्रश्नात नाही पण सगळीकडे ऐकू येते. जग्वारने बोधचिन्हातला झेपावणारा प्राणी काढून टाकला, हे खरे नाही. जाळीवरचा डरकाळी फोडणारा चेहरा गेला; झेपावणारी आकृती आडव्या पट्ट्यांच्या पार्श्वभूमीवर कायम आहे. टीका करावी, पण जे घडले त्यावर करावी.

आता मुद्दा. ‘उभी नाळ’ मर्सिडीजला लाभली म्हणून ती प्रत्येकाला लाभते असे नाही. जग्वार तर तिने जवळजवळ गुदमरली होती. १९६८ ची एक्सजे ६ इतकी देखणी होती की पुढची चाळीस वर्षे कंपनी तिच्या सावलीतून बाहेर पडली नाही. २००३ च्या एक्सजेचा संपूर्ण सांगाडा ॲल्युमिनियमचा होता, रिवेट आणि चिकटद्रव्याने जोडलेला. त्या वर्गात असे तंत्र विरळा होते. परंतु वरून तिला १९६८ चाच पोशाख घातला होता, त्यामुळे आत काय क्रांती झाली आहे हे सामान्य ग्राहकाच्या लक्षातही आले नाही. फोर्डच्या काळातली एस-टाइप आणि मोंडिओच्या सांगाड्यावरची एक्स-टाइप यांची कथा त्याहून करुण. आजोबांचा कोट नातवाने घालावा, आणि तोही दुसऱ्याच्या मापाने उसवून शिवलेला, असा तो प्रकार होता.

जग्वारचे तेव्हाचे रचनाप्रमुख इयन कॅलम यांनी २००७ च्या एक्सएफमध्ये आणि २००९ च्या एक्सजेमध्ये हा जुना पोशाख उतरवला. समीक्षकांनी वाखाणणी केली, पण मर्सिडीज, बीएमडब्ल्यू आणि आउडी या जर्मन त्रिकुटाच्या विक्रीपुढे या गाड्या कधीच उभ्या राहू शकल्या नाहीत. सर्वाधिक खपली ती २०१६ ची एफ-पेस, म्हणजे जग्वारचे संस्थापक सर विल्यम लायन्स यांनी जन्मात कधी न बनवलेली उंच गाडी. मग आय-पेस. २०१८ च्या या विद्युत गाडीने इंजिन नाही हे प्रामाणिकपणे मान्य करून बॉनेट आखूड ठेवले आणि आतली जागा वाढवली. २०१९ मध्ये तिला युरोपातली आणि जगातली वर्षातील सर्वोत्तम मोटार, असे दोन्ही सन्मान मिळाले. ग्राहक मात्र पुरेसे मिळाले नाहीत. प्रामाणिक रूप, मोठे पुरस्कार आणि रिकामी तिजोरी, हे एकदा पाहिलेल्या कंपनीने पुन्हा त्याच वाटेने जावे, असा आग्रह आपण कोणत्या तोंडाने धरायचा?

‘टाइप ००’चे बॉनेट लांब आहे आणि खाली इंजिन नाही, म्हणून ते खोटे, असे म्हणणारे भेटतात. त्यांनी १९३१ ची एसएस १ पाहावी. लायन्स यांची ही पहिली स्वतंत्र गाडी. तिचा सांगाडा आणि इंजिन स्टँडर्ड कंपनीचे, अगदी साधे. त्यावर लायन्स यांनी जमिनीलगत बसणारे शरीर आणि गरजेपेक्षा कितीतरी लांब बॉनेट चढवले. त्या बॉनेटच्या लांबीला इंजिनाने मागणी केलेली नव्हती. ते दिसण्यासाठीच होते. तेव्हा लांब, काहीसे दिखाऊ बॉनेट हीच जग्वारची सर्वांत जुनी नाळ आहे, आणि जाहिरात कितीही विचित्र असली तरी गाडीने ती तोडलेली नाही.

घाटवाट यांचा प्रतिसाद:

उलटी_बाजू यांच्या शेवटच्या परिच्छेदाने मला निरुत्तर केले, हे प्रथम मान्य करतो. एसएस १ मी छायाचित्रांत अनेकदा पाहिली होती, पण तिचे बॉनेट हा नाटकातला पडदा आहे, असा विचार कधी मनात आला नव्हता. बीएमडब्ल्यूच्या जाळीवरची माझी टीका मी मागे घेत नाही. तिथे प्रमाण बिघडले आहे. इथे प्रमाण साधले आहे, फक्त त्यामागचे कारण गेले आहे, आणि या दोन गोष्टी एकच नव्हेत. २००१ च्या ७ सीरीजवरून बीएमडब्ल्यूचे तेव्हाचे रचनाप्रमुख ख्रिस बँगल यांना शिव्याशाप मिळाले तेव्हा मीही त्यात सामील होतो. आज ती गाडी रस्त्यावर दिसली की मान वळते, म्हणून माझ्या निकालांना किती वजन द्यायचे ते आपण ठरवावे. मागची_सीट यांच्या म्हणण्यावर मात्र माझ्याकडे उत्तर नाही. मी अशा गाडीत मागे बसलो तो दोनदाच, आणि दोन्ही वेळा लग्नाच्या वरातीत.

मात्र एसएस १ चा विषय निघालाच आहे तर तिची किंमत विसरून चालणार नाही. ती ३१० पौंडांना मिळत असे, आणि पाहणाऱ्याला ती हजार पौंडांची वाटे. १९६१ ची ई-टाइप जिनिव्हात आली तेव्हाही तिची किंमत त्या वेळच्या ॲस्टन मार्टिनच्या निम्म्याच्या आसपास होती. लायन्स यांचा खरा कारभार हा होता: राजवाड्याचे रूप, आणि डॉक्टर-वकिलाला पेलेल अशी किंमत. दस्तऐवज यांनी सांगितलेल्या बेंटलीच्या नेमका उलट मार्ग. नवी जग्वार एक लाख पौंडांच्या वर विकण्याचा कंपनीचा मानस आहे, म्हणजे आता ती जितक्या किमतीची दिसेल तितक्याच किमतीची असेल.

अक्षरे बदलली, चेहरा गेला, जाहिरातीत गाडी नव्हती, यावर आपण सर्वांनी वर्षभर रागावून घेतले. या किमतीबद्दल मात्र मी कोणाला फारसे बोलताना ऐकले नाही.